न पडणारं पान

बँडिकूट फ्लॅट या गावच्या नगरपरिषदेचं वेबपान पूर्वी रडायचं. साधं मुळूमुळू नाही, चांगलं गळा काढून. आपल्या गल्लीतला कचरा कोणत्या वारी उचलणार एवढंच बघायला गेलेल्या बिचाऱ्याला हातभर लांबीचा, यंत्राच्या भाषेतला आक्रोश वाचायला मिळायचा. कारण काय, तर आत कुठल्याशा रकान्यात एका रस्त्याचं नाव भरायचं राहून गेलेलं असायचं.

ही सगळी कृपा नेव्ह स्कलीची. नेव्ह हा नगरपरिषदेचा जुना प्रोग्रॅमर. पानाचा मजकूर, त्यातली आकडेमोड, डेटाबेसशी चाललेली हुज्जत, सगळं तो एकाच पातेल्यात शिजवायचा. एका वर्षी मेंढ्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी एका मेंढ्याच्या मालकाचं आडनाव सापडेना, तर अख्खं पान उताणं पडलं. गाड्या कुठे लावायच्या, स्वच्छतागृहं कुठे आहेत आणि जॅमच्या स्पर्धेत कोण जिंकलं, तेही त्याच्याबरोबर गेलं. लोक नगरपरिषदेवर चालून आले. नेव्हला त्याचं काहीच वाटलं नाही.

"बिघडलं की बोंब ठोकलीच पाहिजे," तो म्हणायचा. "गपचूप बिघडणारी वस्तू मला घरात नको."

मग वेब विभागाचा प्रमुख म्हणून गावातलाच डेस ट्रेवास्किस आला. पन्नाशी ओलांडलेला, उंच, कायम इस्त्रीच्या शर्टातला माणूस. बायको कितीतरी वर्षांपूर्वी सोडून गेली तेव्हाही तो म्हणे "ठीक आहे" म्हणाला आणि बागेला पाणी घालायला गेला. अशा माणसाला पानाचं ते गळा काढणं कसं सहन व्हावं? आल्या आल्या त्याने हुकूम काढला, की यापुढे पानात प्रोग्रॅमची एक ओळ दिसता कामा नये. पानात चालेल ती फक्त एक्स्प्रेशन लँग्वेज.

एक्स्प्रेशन लँग्वेज म्हणजे शब्दशः अभिव्यक्तीची भाषा. नाव मोठं, काम सोपं. डॉलरचं चिन्ह काढायचं, पुढे महिरपी कंस टाकायचा, आत आपल्याला काय हवं त्याचं नाव लिहायचं. पान घरोघरी धाडण्याआधी सर्व्हर ते नाव वाचतो, आतून माहिती शोधून आणतो आणि त्या जागी चिकटवतो. आणि सापडली नाही तर? तर काही नाही. जागा रिकामी सोडतो आणि पुढे चालू लागतो. ओरडत नाही, रडत नाही, कोणाला सांगतही नाही. नाव अभिव्यक्तीची भाषा, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी तोंडात मिठाची गुळणी!

पण फायदे होते, हे नेव्हनेही कबूल करायला हवं होतं. पान स्वच्छ दिसू लागलं. पोहण्याचा तलाव किती वाजता उघडतो हे बदलायला प्रोग्रॅमरच्या हातापाया पडावं लागेना. पुढच्या खिडकीवरची बाईसुद्धा ते चहा पिता पिता करू लागली. पुढे तिला चटक लागली. 'हे असेल तर ते, ते नसेल तर दुसरं, दुसरंही नसेल तर तिसरं' अशी एकात एक घुसवलेली कंसांची माळच तिने ग्रंथालयाच्या वेळांसाठी ओवली. ती सोडवायला प्रोग्रॅमरच बोलवावा लागला, पण ते असो.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे पान पडायचं थांबलं. मेयरबाई लोर्ना पिकर्सगिल यांना तर आनंदाने भाषण करावंसं वाटलं, आणि त्यांनी ते केलंही.

"एका वर्षात एकही तक्रार नाही!" त्या सभागृहात म्हणाल्या. "एकसुद्धा नाही! याला म्हणतात कारभार."

नेव्हने मागच्या बाकावरून हात वर केला. "लोर्ना, तक्रार जिथे पाठवायची ना, तो पत्ताच पानात रिकामा आलाय. लोक तक्रार लिहितात, बटण दाबतात, पान म्हणतं 'धन्यवाद, तुमचा आवाज पोचला', आणि ती जाते कुठेच नाही."

मेयरबाईंनी थोडा विचार केला.

"ते सावकाश बघू," त्या म्हणाल्या. "एवढी घाई नाही त्याची."

डेसने मात्र तो पत्ता दुसऱ्याच दिवशी भरला. माणूस प्रामाणिक होता. त्याचा दोष एवढाच, की पडणं हा त्याच्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा होता, आणि गप्प बसणं हा गुन्हाच नव्हता.

आता कोरलीकडे येऊ. कोरली नॅनकर्विस ही गावच्या बेकरीची मालकीण, आणि स्वयंसेवी अग्निशामक दलाची कप्तानही. सकाळी खिमा भरलेले मीट पाय भाजायचे, दुपारी बंब हाकायचा. दोन्हीकडे भाजलेल्या हातांची ही बाई मोठ्याने हसायची आणि समोरच्याने तोंड उघडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची. डेस दर गुरुवारी तिच्याकडे व्हॅनिला स्लाइस, म्हणजे थलथलीत पिवळ्या कस्टर्डची वडी, खायला जायचा. गावात त्या स्लाइसला सगळे लाडाने 'शेंबडी वडी' म्हणतात. डेस तेवढा ती पूर्ण नावाने मागायचा. तो ती सुरीने चौकोनी कापून खायचा, कोरली गल्ल्यामागे कोपर टेकून उभी राहायची, आणि मग ते नेहमीचं व्हायचं.

"काय रे, काही म्हणणार होतास?"

"काही नाही गं."

"नक्की?"

"नक्की. काही नाही."

अशी तीन वर्षं गेली. डेसला ती आवडत होती, साधीसुधी नाही, जीव टाकावा इतकी आवडत होती. गुरुवारचा शर्ट तो बुधवारी दोनदा इस्त्री करायचा. पण शब्द घशापर्यंत यायचे, तिथे त्यांना जागा रिकामी दिसायची, आणि ते परत फिरायचे.

त्या फेब्रुवारीत एका गुरुवारी कोरलीने गल्ल्यावर कोपर न टेकताच सांगून टाकलं. बहिणीची बर्नीला बेकरी होती, टास्मानिया बेटावर, समुद्राकाठी. बहिणीचे गुडघे गेले होते. ती म्हणत होती, येऊन चालव.

"इथलं दुकान घ्यायला माणूस मिळालाय," कोरली म्हणाली. "उद्या सही करायचीय. सोमवारी बोट. तुझं काय म्हणणं आहे?"

"माझं?" डेसने सुरी नीट बशीच्या कडेला ठेवली. "माझं काही नाही. चांगलं आहे की. हवा थंड असते तिकडे."

कोरली त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागली.

डेस बाहेर येऊन गाडीत बसला. आपण काय बोलून बसलो हे त्याला कळलं, आणि स्वतःचा भयंकर राग आला. हवा थंड असते! तीन वर्षं जिला डोळे भरून बघितलं तिला निरोप देताना हवामान सांगतोस? शनिवारी बोलायचं, त्याने ठरवलं. शनिवारी मैदानावर बार्बेक्यू होता. बातमी कळताच मेयरबाईंनी न पडणाऱ्या पानाचा वाढदिवस आणि कोरलीचा निरोपसमारंभ एकत्र करून टाकले होते, म्हणजे सॉसेज एकदाच आणावे लागतील. तिथे तिला बाजूला घेऊन सांगायचं, की जाऊ नकोस. किंवा जा, पण मला ने. काहीतरी बोलायचं.

शुक्रवारी चहाच्या वेळी नेव्हने त्याला गाठलं.

"मित्रा, एक विचारू? ती आगबंदीची पट्टी आहे ना आपल्या पानावर, ती कशी ठरते?"

उन्हाळ्यात राजधानीतल्या कचेरीकडून वणव्याच्या धोक्याचा आकडा रोज येत असे. आकडा मोठा असेल त्या दिवशी उघड्यावर काडी ओढायची नाही, असा कायदाच होता. पानाच्या डोक्यावर त्याची पट्टी असायची.

"सोपं आहे," डेस म्हणाला. "आकडा तीनपेक्षा मोठा असेल तर 'आज संपूर्ण आगबंदी'. नाहीतर 'आज आगबंदी नाही, मजेत शेका'. दुसरं वाक्य लोर्नाचं आहे."

"आणि आकडा आलाच नाही तर?"

"तर पान पडत नाही."

"पडत नाही हे कळलं रे बाबा. बोलतं काय ते सांग. तलावाचं पाणी आठवतंय ना? थर्मामीटर बंद पडला तर तुझ्या पानाने जानेवारीत, भर उन्हाळ्यात शून्य अंश दाखवलं होतं. म्हातारा विल्फ बर्फावरचे स्केट घेऊन आला होता!"

"तो चेष्टा करत होता."

"विल्फ करत होता. पान नव्हतं करत."

डेसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "नेव्ह, तुझी पानं दिवसातून चारदा बोंबलायची. माझं एक वर्षभर उभं आहे. सोमवारी बघतो."

"सोमवारी बघ," नेव्ह म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं.

त्याच संध्याकाळी राजधानीतल्या कोणा हुशार माणसाने त्या आकड्याच्या रकान्याचं नाव बदललं. नवं नाव जुन्यापेक्षा सुटसुटीत होतं म्हणतात. बँडिकूट फ्लॅटच्या पानाने शनिवारी सकाळी जुन्या नावाने हाक मारली. कोणी ओ दिली नाही. पानाने मान डोलावली आणि पुढे गेलं.

शनिवारी उत्तरेचा वारा सुटला होता. भट्टीचं दार उघडावं तसा. मैदानावरचं गवत वाळून बिस्किटासारखं झालं होतं, आणि मध्यभागी रेडगम झाडाच्या ओंडक्यांची चूल रचून वर अख्खं कोकरू टांगलेलं. शेजारी टेबलावर वेबपानाच्या आकाराचा केक. त्यावर क्रीमने लिहिलं होतं, 'कधीच पडलं नाही.'

"आज पेटवायचं ना नक्की?" मागून कोणीतरी विचारलं. "रेडिओवर तर काहीतरी सांगत होते..."

"रेडिओ राज्याचा," मेयरबाई ठणकावून म्हणाल्या. "पान आपलं. डेस, दाखव रे त्यांना."

डेसने फोन काढला. खरं तर सकाळपासून त्याने चारपाचदा ते पान बघितलं होतं. वारा अंगावर घेताना त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. पण दर वेळी पान तितक्याच शांतपणे सांगत होतं: 'आज आगबंदी नाही, मजेत शेका.' आणि आपल्याच पानावर विश्वास नाही असं, केक समोर असताना, कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय त्याचं लक्ष फाटकाकडे होतं. सत्कारमूर्तीचा अजून पत्ता नव्हता. खिशात हात घालून तो मनातल्या मनात वाक्य घोकत होता: कोरली, मला तुझ्याशी बोलायचंय.

मेयरबाईंनी चूल पेटवली. टाळ्या झाल्या. फोटो झाला. मग वाऱ्याचा एक झोत आला, आणि एक ठिणगी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या डोक्यावरून तरंगत मैदानाच्या कडेला जाऊन बसली.

गवताने पेट घ्यायला मेयरबाईंचं 'प्रिय नागरिकहो' संपेपर्यंतसुद्धा वेळ घेतला नाही. लोक पळाले. कोणी बिअरची पेटी उपडी केली, कोणी पोरं उचलली. आणि तेवढ्यात भोंगा वाजवत बंब फाटकातून आत शिरला. दल सकाळपासून ठाण्यात तयारीत बसलं होतं. धूर दिसताच निघालं होतं. पिवळ्या पोशाखातली कोरली चालत्या बंबावरून खाली उतरली, आणि कोणाशी एक अक्षर न बोलता तिने आधी गवत विझवलं, मग चूल विझवली, मग कोकरू विझवलं. पाइप वळवताना वाटेत मेयरबाई आणि केक आले. 'कधीच पडलं नाही'मधलं 'नाही' वाहून गेलं.

कोणाला इजा झाली नाही. मैदानाचा एक कोपरा तेवढा काळा झाला. कोरलीने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"संपूर्ण आगबंदीच्या दिवशी, या वाऱ्यात, लाकडाची चूल!" ती ओरडली. "कोणाचं डोकं हे? कोण म्हणालं बंदी नाही?"

मेयरबाईंनी केसांतून क्रीम निपटत बोट दाखवलं. सगळ्यांनीच दाखवलं. सगळी बोटं डेसकडे, आणि डेसचं बोट त्याच्या हातातल्या फोनकडे.

कोरली पाइप हातात तसाच धरून त्याच्यासमोर आली. "बोल."

डेस बोलू लागला. या विषयावर तो बोलू शकत असे. "आकडा आला नसणार. म्हणजे... रिकामा आला. आणि रिकामा तीनपेक्षा मोठा आहे का, असं विचारलं की ही भाषा अडत नाही. ती म्हणते, नाही. मोठा नाही म्हणजे बंदी नाही. पान पडू नये म्हणून तसं केलेलं असतं. तो खरं तर त्या भाषेचा गुण मानतात."

"थांब. तिला ठाऊकच नसतं, आणि ती 'नाही' म्हणते?"

"काही नाही आलं, की ती 'नाही' धरते. हो."

कोरलीने पाइपचं तोंड बंद केलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, गल्ल्यामागून बघायची तशी. राग उतरून तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी आलं.

"मग माझं काय चुकलं, डेस?" ती हळू म्हणाली. "तीन वर्षं दर गुरुवारी मी तुला विचारलं. तू म्हणालास, काही नाही. मीही तेच केलं. 'नाही' धरलं. आणि काल सही करून आले."

मैदानावर कोकरातून पाणी टपकत होतं. घोकलेलं वाक्य डेसने शोधलं, आणि ते जागेवर नव्हतं. त्याचं तोंड सवयीने त्या दोन शब्दांचा आकार घेऊ लागलं. आणि तिथेच तो पडला.

आडवा नाही, तोंडाने पडला. सगळं एकदम बाहेर आलं, कशाला काही क्रम नाही. की त्याला व्हॅनिला स्लाइस आवडतच नाही, कधीच आवडली नव्हती. की तो बुधवारी शर्ट दोनदा इस्त्री करतो. की बायको गेली तेव्हा बागेत नळी धरून तो अंधार पडेपर्यंत उभा होता आणि गुलाब सगळे कुजले. की बंबाचा भोंगा ऐकला की कोरली परत येईपर्यंत त्याला जेवण जात नाही. की बर्नीची हवा थंड आहे की गरम, त्याला काडीचं ठाऊक नाही! की जाऊ नकोस. की जा, पण असं एकटी नको. मेयरबाई ऐकत होत्या, सगळं दल ऐकत होतं, विल्फ तर कानामागे हात धरून ऐकत होता, आणि डेसला थांबता येत नव्हतं. शेवटी दम संपला म्हणून तो थांबला. नाक गळत होतं.

"हां," नेव्ह मागून समाधानाने म्हणाला. "आता कळलं कुठे बिघडलंय ते."

"नेव्ह, तू गप बस," कोरली म्हणाली. तिने हातमोजा काढून डोळे पुसले. त्यामुळे चेहरा आणखी काळा झाला. "हे बघ, डेस. सही झालीय. दुकान गेलं. सोमवारची बोट आहे ती आहे. मी जाणार."

डेसने मान हलवली.

"मान नको हलवू. मी विचारतेय. येतोस?"

सवय मोठी चिवट असते. 'बघू' त्याच्या जिभेवर आलं, 'ठीक आहे' आलं, आणि त्यांच्या मागून ते जुने दोन शब्दही आले. त्याने ते सगळे गिळले.

"हो," डेस म्हणाला.

नगरपरिषदेने नंतर चौकशी समिती नेमली. समितीने अशी शिफारस केली, की यापुढे केकवर काही लिहू नये. आगबंदीच्या पट्टीचं काम नेव्हकडे गेलं. आता आकडा आला नाही की ती लाल होऊन 'ठाऊक नाही! ठाण्याला फोन करा!' असं ओरडते. ठाण्यावरचे लोक त्या फोनना वैतागले आहेत, पण मैदान हिरवं आहे.

बर्नीच्या बेकरीत एका सकाळी डेसने पिठाच्या हातांनीच बँडिकूट फ्लॅटचं पान उघडलं. नगरपरिषदेने त्याला जाहीर निरोप दिला होता. त्याने नोकरी सोडताच कोणीतरी त्याची नोंद नियमाप्रमाणे पुसून टाकली होती, त्यामुळे पानावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं: 'आमचे लाडके श्री. यांना पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.'

"काय रे, काय लिहिलंय?" कोरलीने भट्टीपाशी उभ्या उभ्या विचारलं.

पूर्वीचा डेस असता तर दोन शब्दांत मोकळा झाला असता. या डेसने तिला पहिल्यापासून सांगायला घेतलं. नाव का आलं नाही, ते सर्व्हर कुठे शोधतो, न सापडल्यावर काय करतो, नेव्हने काय केलं असतं, आपल्याला वाचून वाईट वाटलं का, तर हो, वाटलं, थोडंसं, म्हणजे बरंचसं, आणि ते नेमकं कुठे वाटलं. तो सांगत राहिला, ती ऐकत राहिली, आणि भट्टीतून हळूहळू करपल्याचा वास यायला लागला.

"डेस," कोरली धुरातून ट्रे ओढत म्हणाली, "सकाळच्या घाण्याच्या वेळी तेवढी जागा रिकामी सोडलीस तरी चालेल हं."